मोह, परीक्षा आणि चपलेतला खडा

प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मराठी ख्रिस्ती घरातल्या पोराला बोलता येऊ लागलं की पाठ होतेच. तिच्या शेवटाकडे देवबापाला एक विनवणी आहे आणि तिथे आमच्या मराठी शास्त्रात शब्द आहे 'परीक्षा'. मार्च महिना उजाडला की आम्ही भावंडं नेमकी त्या ओळीला आवाज चढवायचो! वडील डोळे मिटूनच दटावायचे. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या परीक्षा घेतल्या, तेव्हाही उपासनेत ती ओळ आली की मागच्या बाकांवरून खुसखुस ऐकू यायची आणि मला ओठ दाबून हसू आवरावं लागायचं.

इंग्रजी प्रार्थनेत तिथे 'टेम्प्टेशन' आहे, म्हणजे मोह. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस'. त्याचे दोन्ही अर्थ होतात, पारख आणि मोह. या एका ओळीवरून अलीकडे बरीच चर्चा झाली. पोप फ्रान्सिस यांनी (ते २०२५ साली वारले) २०१७ मध्ये बोलून दाखवलं की देव आपल्याला मोहात ढकलतो असा अर्थ निघणारं भाषांतर बरं नाही, बाप असं करत नसतो. त्याच वर्षी फ्रेंच कॅथलिकांनी शब्द बदलले, २०२० मध्ये इटालियन लोकांनी बदलले. मी कॅथलिक नाही, पण त्यांचं म्हणणं मला पटतं. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात स्पष्ट आहे की देव कुणाला मोहात पाडत नाही, माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो.

तरीही आमचा मराठी शब्द बदलू नये असं माझं मत आहे. कारण शिक्षिकेचं आहे. परीक्षेला बसलेला मुलगा नापास झालेला नसतो. प्रश्नपत्रिका हातात पडली, घाम फुटला, सगळं विसरल्यासारखं झालं, तरी उत्तरपत्रिका अजून कोरी आहे. एवढी साधी गोष्ट आमच्या मंडळीतल्या पुष्कळ भल्या माणसांना कळत नाही, आणि ती न कळल्यामुळे किती जीव आतल्या आत कुढत बसतात, ते मी पाहिलं आहे. म्हणून हे लिहायला बसले.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. आता तिशी ओलांडलेली, नोकरी, बायको, एक लहान मुलगी. मध्यंतरी आला, सलाम केला, चहा घेतला, आणि बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "बाई, मी दोन वर्षांत प्रभुभोजन घेतलेलं नाही." मी म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, भाकर हातात घेतली की नेमके त्याच क्षणी घाणेरडे विचार मनात येतात. देवाबद्दल वाईट शब्द येतात. कधी शेजारी उभ्या असलेल्या बाईबद्दल काहीबाही येतं. "मी काढायला बघतो तेवढे जास्त येतात. मी आतून सडलोय बाई."

कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तुझा विश्वास कमी पडतो. दुसऱ्या कुणी तीन दिवसांचा उपास सांगितला. तिसऱ्याने तर सैतानाने धरलंय म्हणून डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली, त्यानंतर दोन रात्री हा मुलगा झोपला नाही. सांगणाऱ्यांचे हेतू वाईट नव्हते हे मान्य. पण मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

विश्वास असला की वाईट विचार येत नाहीत, ही शिकवण शास्त्रात कुठे आहे? मत्तयाच्या चौथ्या अध्यायात खुद्द येशूच रानात मोहापुढे उभा आहे. चाळीस दिवसांचा उपाशी. धोंड्यांच्या भाकरी कर, हा विचार त्याच्यापुढे आलाच ना? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर म्हटलंय की आपल्यासारखाच तो सर्व बाबतींत पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

चौथ्या शतकात इवाग्रियस नावाचा एक माणूस होऊन गेला. काळ्या समुद्राकाठच्या पोंतसचा. कॉन्स्टँटिनोपलला चर्चमध्ये डीकन होता, विद्वान, बोलका. तिथे एका मोठ्या घरातल्या विवाहित स्त्रीवर त्याचा जीव जडला. प्रकरण पुढे जाण्याआधी तो गाव सोडून जेरुसलेमला पळाला आणि शेवटी मिसरच्या वाळवंटात जाऊन राहिला, तिथेच ३९९ मध्ये वारला. म्हणजे ज्याला विषय ठाऊक होता असा माणूस! त्याने माणसाला छळणाऱ्या आठ गोष्टींची यादी केली: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ बढाई आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्यात फेरफार करून सात केल्या. तीच ती प्रसिद्ध सात पातकं. आपल्याकडच्या षड्रिपूंची आठवण होते ना? मला तर नेहमी होते. (त्या यादीतला कंटाळा मला फार आवडतो. इवाग्रियस म्हणतो की हा दुपारी येतो, सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, माणूस पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो. दुपारच्या शेवटच्या तासाला वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको.)

पण गंमत पुढेच आहे. इवाग्रियसच्या यादीचं नाव 'आठ पापं' असं नव्हतंच. त्याने त्यांना 'विचार' म्हटलं होतं. त्याचं म्हणणं असं की हे विचार मनाला त्रास देतील की नाही ते आपल्या हातात नाही, पण ते मुक्काम करतील की नाही आणि त्यांच्यामुळे वासना पेटेल की नाही ते आपल्या हातात आहे. यादी हातोहात पुढे गेली, विचारांची पापं झाली, आणि मधला हा फरक कुठेतरी गळून पडला.

यावर माझा विद्यार्थी चटकन म्हणाला, "पण बाई, डोंगरावरच्या प्रवचनात येशूच म्हणतो की परस्त्रीकडे वासनेने पाहिलं तरी मनात व्यभिचार झालाच." बरोबर आहे. मुलाने शास्त्र वाचलेलं आहे. पण तिथलं मूळ ग्रीक वाक्य वासना धरण्यासाठी पाहणाऱ्याबद्दल आहे. ते पाहणं ठरवून केलेलं आहे. नजर पडणं आणि नजर लावणं यांत मराठीतसुद्धा आपण फरक करतोच की.

दावीद राजाची गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे, ती सावकाश वाचावी. संध्याकाळी तो वाड्याच्या गच्चीवर फिरत होता. तिथून स्नान करणारी एक स्त्री त्याला दिसली. इथपर्यंत काहीच घडलेलं नाही. मग त्याने माणूस पाठवून चौकशी केली. उत्तर आलं की ती उरीयाची बायको आहे. म्हणजे देवाने दार लावून घ्यायची संधी दिली होती! तरीही त्याने तिला बोलावून घेतलं, आणि शेवटी तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं. गच्चीवरून खुनापर्यंत किती पायऱ्या आहेत बघा. प्रत्येक पायरीवर मागे फिरता आलं असतं. उलट पोटीफरच्या घरातला योसेफ. मालकीण रोज मागे लागायची, तो रोज नाही म्हणायचा, आणि एके दिवशी तिने वस्त्रच धरलं तेव्हा ते तिच्या हातात सोडून घराबाहेर पळाला. त्या क्षणी त्याच्या मनात काय काय आलं असेल ते शास्त्र सांगत नाही. पाय कुठे गेले ते सांगतं.

माझ्या आयुष्यातला एक प्रसंग सांगते. १९८४ ची गोष्ट. वर्गाची सहल वेरूळला, तेव्हाच्या औरंगाबादला जायची होती. बावन्न मुलं, प्रत्येकी पस्तीस रुपये, म्हणजे अठराशे वीस रुपये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या घरी. त्याच आठवड्यात सासूबाई आजारी पडल्या, औषधांचा खर्च आला, पगाराला सहा दिवस होते. रात्री डबा दिसत होता. मोहाला शिंगं नसतात हो. तो हिशेब मांडत येतो. गाडीवाल्याला पैसे पुढच्या सोमवारी द्यायचे, पगार शनिवारी, मग मध्ये दोनशे रुपये काढून परत ठेवले तर कुणाचं काय बिघडणार? हिशेबात एक पैशाची चूक नव्हती. मी प्रार्थना केली आणि तो विचार गेला नाही, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. प्रार्थनेनंतरही तो तसाच बसून होता. मग मी यजमानांना उठवलं आणि मोठ्याने सांगितलं, मला डब्यातले पैसे घ्यावेसे वाटताहेत. ते झोपेतच म्हणाले, "सकाळी डबा शाळेत नेऊन दे, आणि मी दुकानदाराला उधारीचं विचारतो." संपलं. उच्चार केल्याबरोबर त्या हिशेबातला जीवच गेला. सकाळी शाळा भरायच्या आत डबा कारकुनांच्या कपाटात होता.

आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा असं याकोब सांगतो. मी म्हणते, पापापर्यंत कशाला थांबायचं, मोहच सांगून टाकावा. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्या माणसांनी सुरू केलेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ याच पायावर उभी आहे. त्या दोघांची ओळख ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती गटाच्या वर्तुळातून झाली होती, आणि एकमेकांजवळ मन उघडं करायची रीत तिथूनच आली. आज जगभर नाना धर्मांची माणसं, देव न मानणारीसुद्धा, त्या खोल्यांत बसून सांगतात की मला आज प्यावंसं वाटतंय. आमच्या कितीतरी मंडळ्यांत असं कुणी म्हणू शकेल का? आमच्याकडे साक्ष द्यायला उभा राहणारा नेहमी जिंकून आलेला असतो. अर्ध्या लढाईतला माणूस उभाच राहत नाही.

विचार दाबून टाकण्याबद्दलही बोललं पाहिजे. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहायचं, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या! आणि नंतर विचार करायला मोकळीक दिली तेव्हा, ज्यांनी आधी अस्वल दाबून धरलं होतं त्यांच्या मनात ते इतरांपेक्षा जास्त येऊ लागलं. पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात हीच तगमग मांडली आहे, की जे करावंसं वाटतं ते घडत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच हातून होतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही जवळजवळ हाच प्रश्न विचारतो, इच्छा नसताना जबरदस्तीने ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? मला या दोघांना एका बाकावर बसवावंसं वाटतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या रेव्हरंड टिळकांच्या परंपरेतली मी. मला यात काही वावगं वाटत नाही.

मग करायचं काय? रानातल्या येशूकडे परत जाऊ. तो मोहाशी वाद घालत बसला नाही, किंचाळलाही नाही. तिन्ही वेळा त्याने अनुवादाच्या पुस्तकातलं एकेक वचन उत्तरादाखल दिलं. तीन प्रश्न, तीन आटोपशीर उत्तरं. इवाग्रियसने यावरूनच एक पुस्तक तयार केलं. आठही विचारांसाठी जवळजवळ पाचशे प्रसंग, आणि प्रत्येकाला शास्त्रातलं एकेक प्रत्युत्तर. एक प्रकारचं गाईडच म्हणा ना! आपल्या रामदासांनी तरी मनाच्या श्लोकांत काय केलंय? मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलले आहेत. विचाराला घाबरून अंग चोरून बसण्यापेक्षा त्याला उत्तर देऊन आपल्या कामाला लागावं. भाजी निवडावी. कुणाची तरी विचारपूस करावी. झाडून पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराची येशूने सांगितलेली गोष्ट आठवा. बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत आला, घर रिकामं दिसलं, म्हणून आणखी सात जणांना घेऊन आला. रिकामं घर भाडेकरूची वाटच पाहत असतं.

मोबाईलबद्दल हल्ली आई-वडील मला विचारतात. मला त्यातलं फार कळत नाही. पण डोळा पाप करवत असेल तर उपटून टाक, या वचनाचा आजचा अर्थ रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवणं असा मी लावते. डोळा शाबूत राहतो आणि झोपही लागते.

आता त्या मुलाकडे वळते. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक जॉन बन्यनची. त्याचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हरी केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' नावाने मराठीत आणलं, आणि आमच्या घरी त्याची जीर्ण प्रत होती. त्यात यात्रेकरू मृत्युछायेच्या दरीतून जात असतो तेव्हा एक दुष्टात्मा हळूच मागून येऊन त्याच्या कानात देवनिंदा कुजबुजतो. बिचाऱ्याला वाटतं की हे आपल्याच मनातून निघालं! सगळ्या संकटांपेक्षा त्याला याचंच जास्त दुःख होतं. बन्यनने हे कल्पनेने लिहिलेलं नाही. १६६६ साली छापलेल्या आत्मवृत्तात त्याने सांगितलं आहे की ख्रिस्ताला विकून टाक, हा एकच विचार त्याला जेवताना, काम करताना महिनोन्‌महिने टोचत होता. इग्नेशियस लोयोलालाही मानरेसा गावी १५२२ च्या सुमारास अशाच शंकांनी पछाडलं होतं. कबूल केलेलीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, तरी समाधान नाही. या दुखण्याला युरोपात जो शब्द आहे, 'स्क्रूपल', त्याचा लॅटिन मूळ अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत शिरलेला. तेवढासा खडा, पण पाऊल टाकू देत नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. कुणी हात धूत राहतं, कुणी कडी तपासत राहतं, आणि कुणाच्या मनात नको तेच विचार फिरत राहतात, बहुधा ज्या गोष्टी त्याला सर्वांत पवित्र वाटतात त्यांच्याबद्दल. वासनेने बरबटलेल्या माणसाला या विचारांचा असा त्रास कशाला होईल? हा आजार आहे, त्यावर औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत. म्हणून दुसरी गोष्ट मी त्याला सांगितली ती ही की मनाच्या डॉक्टरांकडे जा. तो दचकला. "म्हणजे माझा विश्वास..." मी म्हटलं, अरे, तुझ्या आईला मधुमेह आहे, ती गोळ्या घेते तेव्हा तिचा विश्वास कमी होतो का? लूक स्वतः वैद्य होता! ज्यांना डॉक्टर लगेच गाठता येत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

प्रभुभोजनाचा प्रश्न उरला होता. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो की अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी ठरतो, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. मी त्याच्यापुढे शास्त्र उघडून ठेवलं आणि आधीच्या ओळी वाचायला लावल्या. करिंथात काय चाललं होतं? काही जण आधी येऊन भरपेट खात होते, पिऊन तर्र होत होते, आणि गरीब उपाशी राहत होते. पौल संतापला आहे तो त्यावर. मनात नकळत येऊन गेलेल्या शब्दावर तो संतापलेला नाही. आणि स्वतःची परीक्षा करा असं सांगितल्यावर तो पुढे म्हणतो काय? मग भाकर खा. दूर राहा असं म्हणत नाही.

त्याने तो अध्याय दोनदा वाचला. मग म्हणाला, "बाई, हे मला आधी कुणी दाखवलं नाही."

तो डॉक्टरांकडे जाऊन आला आहे. औषध सुरू होऊन दीड महिना झाला. विचार येतात, पण पूर्वीइतके चिकटत नाहीत असं म्हणतो. झोप लागते. मुलीला शब्बाथशाळेत सोडायला येतो, अजून प्रभुभोजनाच्या वेळी मात्र बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा असतो. परवा फोनवर विचारत होता, भाकर हातात घेतल्यावर पुन्हा तसाच विचार आला तर काय करू? मी म्हटलं, येऊ दे. तू भाकर खा.